कागदाच्या पाठीवरची अक्षरं

जुळारीकाकांना कुठल्याही दुकानाच्या काचेवरची पाटी बाहेरून वाचायला जरा वेळ लागायचा. आत शिरले, की तीच पाटी उलट्या बाजूनं ते घडाघडा वाचायचे. छापखान्याच्या कोपऱ्यावरचा चहावाला म्हणायचा, "काका, तुम्ही जन्मालाच पाठमोरे आलात." यात काकांचा काही दोष नव्हता. सगळं आयुष्य खिळे जुळवण्यात गेलेलं. शिशाच्या खिळ्यावरचं अक्षर आरशातल्यासारखं उलटं असतं, आणि जुळारी ओळ जुळवतो तीही डोकं खाली, पाय वर अशी. वर्षानुवर्षं असं वाचल्यावर माणसाला सरळ अक्षर जरा आगाऊच वाटायला लागतं.

छापखाना एका साप्ताहिकाचा होता. साप्ताहिक काही फार मोठं नव्हे. नगरपालिकेच्या सभेत कोण कोणावर ओरडलं, कुठला रस्ता कोणी खणला आणि तसाच टाकला, कोण वारलं, बाजारभाव काय, एक अग्रलेख आणि शेवटी मुलांचं पान. पण शनिवारी अंकाला उशीर झाला तर माणसं छापखान्याच्या दारात येऊन उभी राहायची. वाचून झाल्यावर "काही दम नाही हल्ली" असं म्हणणारीही तीच माणसं.

काका लागले तेव्हा थोरले संपादक अजून होते. त्यांनीच हे साप्ताहिक काढलं होतं. सुरुवातीला हातानं दांडा ओढून एकेक कागद छापायचा, मग पायानं चालवायचं यंत्र आलं, मग विजेचं. प्रत्येक वेळी थोरले संपादक म्हणायचे, "आता याच्यापुढं काय सुधारणा व्हायची राहिली?" आणि प्रत्येक वेळी काहीतरी राहिलेलं असायचंच. तरी एक गोष्ट बदलली नव्हती. यंत्र कुठलंही असो, शब्द आधी कोणीतरी उभं राहून एकेक खिळा उचलून जुळवायचा. ते काम काकांचं.

आणि जुळवलेलं मोडायचं काम काकूंचं. अंक छापून झाला, की त्यातला प्रत्येक खिळा पुन्हा त्याच्या त्याच्या घरात परत टाकावा लागतो, नाहीतर पुढचा अंक कशानं जुळवणार? खिळ्यांच्या लाकडी पेटीत प्रत्येक अक्षराचं वेगळं घर असतं. याला खिळे सोडणं म्हणतात. काकू लग्नाआधीपासून त्या कामाला होत्या. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत, पण हात असा चालायचा की खिळे घरात पडताना पावसाच्या थेंबांसारखा एकसारखा आवाज यायचा. फक्त काकांच्याच पेटीत कधीकधी भलत्याच घरात भलतंच अक्षर सापडायला लागलं. काकांनी तक्रार केली नाही. छापखान्यातल्या सगळ्यांना जे कळायचं ते कळलं, आणि वर्षाच्या आत लग्न झालं. "माझ्या चुका निस्तरायला कोणीतरी कायमचं हवं होतं," असं काकू म्हणायच्या.

काकूंचे डोळे गेले ते असे हळूहळू, की कोणाला पत्ता लागला नाही. काकांनासुद्धा नाही. बोटांना अक्षरं पाठ होती. खिळ्याच्या तोंडावरून अंगठा फिरला की कळायचं, हा क, हा ख, आणि घर कुठं आहे ते हाताला डोळ्यांहून जास्त ठाऊक. त्या जोरावर त्यांनी किती दिवस निभावलं कोण जाणे. मग दिवाळी अंक म्हणा की वार्षिक अंक म्हणा, असा एक जाडजूड अंक निघायचा होता. काकांनी त्याचं रंगीत मुखपृष्ठ घाईघाईनं त्यांच्यासमोर धरलं. "कसं झालंय?"

"छान," काकू म्हणाल्या. "निळा रंग उठून दिसतोय."

काकांनी धरलं होतं पालथं. काकूंच्या समोर कोरी बाजू होती.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, तपासणीत साखरेचा आजारही निघाला, आणि डोळ्यांना उशीर झालाय हेही त्यांनी सांगितलं. काकू घरी बसल्या. घर म्हणजे जिन्यावरच्या दोन खोल्या, भिंतीपलीकडे शिंपीणबाईंचं यंत्र. चुलीपासून खिडकीपर्यंतचं सगळं काकूंनी महिन्याभरात हातात बसवलं. रडल्या असतील तर काका कामावर असताना. एक गोष्ट मात्र त्यांच्या मनाला लागली. साप्ताहिक इतकी वर्षं त्यांच्या हाताखालून गेलेलं, प्रत्येक ओळ न् ओळ. आता त्यात काय आहे हे दुसऱ्यानं सांगायचं?

तरी पहिले काही आठवडे काका वाचून दाखवत होते. एका अंकात काकूंच्या जुन्या मैत्रिणीच्या निधनाची बातमी होती. बायको आधीच खचलेली, म्हणून काकांनी ती चार ओळींची बातमी गाळली. काकूंना ती कळली फार उशिरा, शिंपीणबाईंच्या बोलण्यात. त्या दिवशी त्या काकांवर ओरडल्या नाहीत, आणि तेच वाईट होतं.

"वाचून दाखवणारा माणूस त्याला वाटेल तेवढंच दाखवतो," त्या म्हणाल्या. "यापुढं मला कोणी काही वाचून दाखवायचं नाही. मी कुक्कुलं बाळ नाही."

काकांनी मान हलवली. मग ती दिसत नाही हे आठवून "बरं" म्हणाले.

पुढचं सगळं घडलं ते एका फळीमुळे. छापायच्या आधी तपासायला जो कागद काढतात, त्या प्रुफांचे गठ्ठे काका घरी आणायचे आणि स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरायचे. एका सकाळी काकू फळी पुसायला कागद उचलत होत्या आणि मध्येच थांबल्या.

"अहो, पाण्याच्या टाकीला तडा गेलाय?"

काका दाढी करत होते. "तुला कोणी सांगितलं?"

"या कागदानं."

काका तोंडावर फेस घेऊन बाहेर आले. काकूंचं बोट कागदाच्या पालथ्या बाजूवरून सरकत होतं. खिळा दाबून छापला, की कागदाच्या पाठीवर अक्षराचा उठाव येतो. तो उठाव असतो उलटा, म्हणजे थेट खिळ्यासारखाच. दुसऱ्या कोणाला त्यात ओबडधोबड पुरळ लागलं असतं. काकूंनी कागद डोकं खाली करून धरला होता, आयुष्यभर ओळ धरली तसाच. मोठ्या मथळ्याची शिरोरेषा बोटाला दोरीसारखी लागत होती आणि तिच्यावर एकेक अक्षर उभं होतं. बारीक मजकूर लागत नव्हता, पण मथळा स्वच्छ होता. काका तिथंच जमिनीवर बसले. फेस वाळून चेहरा ताणायला लागला तरी उठले नाहीत. त्यांना इतका आनंद झाला होता की काय करावं ते सुचत नव्हतं.

मुलांचं पान मोठ्या टाइपात असायचं. थोरले संपादक सांगायचे, की लहान डोळ्यांना ताण नको म्हणून. खरं कारण असं होतं, की मुलांसाठी लिहिणारे वेळेवर लिहून देत नसत आणि पान तर भरायचं असायचं. कारण काही असो, त्या पानावरची गोष्ट काकूंच्या बोटांना लागेल इतकी ठसठशीत होती. काकांनी तिचं वेगळं प्रूफ काढायला सुरुवात केली. जाड कागद ओलसर करायचा, जुळवलेल्या खिळ्यांवर अलगद ठेवायचा, त्यावर घोंगडीचा तुकडा, आणि हातयंत्राचा रूळ नेहमीपेक्षा जोरात फिरवायचा. शाई लावायची खरं तर गरज नव्हती. पण बिनशाईचं छापणं काकांना बिनमिठाच्या जेवणासारखं वाटायचं. ते लावायचेच.

मग रविवार सकाळचा तो नेम झाला. काकू खिडकीपाशी बसायच्या, मांडीवर पाट, पाटावर पालथा कागद. काका समोर चहा घेऊन. काकू मोठ्यानं वाचायच्या, आणि नुसतं वाचून गप्प बसतील तर त्या काकू कसल्या? "हा राजा दर आठवड्याला शिकारीला जातो, राज्य कोण बघतं?" "या परीला दुसरा उद्योग नाही वाटतं." काका हसून हसून चहा सांडायचे. मुलांसाठी लिहिलेल्या त्या गोष्टी मुलांनी किती वाचल्या माहीत नाही, पण या दोन म्हाताऱ्यांनी एकही सोडली नाही. अख्ख्या आठवड्यात तेवढा अर्धा तास काकू आंधळ्या नसायच्या. काकांनाही ते पक्कं ठाऊक होतं, आणि त्या अर्ध्या तासासाठी ते उरलेला आठवडा रेटायचे.

थोरले संपादक गेले. धाकटे मालक आले. मुलगा वाईट नव्हता, कामाचा उरक होता. त्यानं नवं तंत्र आणलं. मजकूर पडद्यावर टाइप करायचा, त्याची फिल्म, फिल्मवरून पत्र्याची प्लेट, आणि छपाई अशी सफाईदार की फोटोतल्या माणसाची भुवई दिसावी. दाब नाही, खिळा नाही. पहिला अंक निघाला तेव्हा सगळे वाहवा करत होते. काकांनी तो हातात घेतला आणि त्यांचं बोट आपोआप पाठीवर गेलं. कागद गुळगुळीत होता.

खिळे भंगारात निघाले. इतक्या वर्षांच्या बातम्या ज्यांनी सांगितल्या ते सगळे पोत्यात भरून गेले, वितळून आणखी कशाचं तरी शिसं व्हायला. बरेच जुळारी घरी गेले. काकांना मालकांनी ठेवून घेतलं, टाइप केलेल्या पट्ट्या कात्रीनं कापून पानावर चिकटवायला. काकांनी कात्री धरली. पण एक दिवस धीर करून मालकांच्या टेबलाशी गेले.

"तो मोठा टाइप आहे ना, मुलांच्या पानाचा. त्याची एक पेटी राहू द्या. आणि प्रुफाचं हातयंत्र."

"कशाला काका?"

काकांनी कारण सांगितलं. मालकांनी पेन खाली ठेवलं. "जिन्याखालच्या खोलीत ठेवा," ते म्हणाले. "ती जागा लागेल तोवर राहू दे."

घरी मात्र काकांनी अवाक्षर काढलं नाही. काकूंना ते चांगलं ओळखून होते. अंकातलंच प्रूफ म्हणून ती घेत होती. आता हे सगळं एकट्या तिच्यासाठी चाललंय असं कळलं असतं, तर दुसऱ्या मिनिटाला म्हणाली असती, "नको मला मेहेरबानी." मग तो अर्धा तास गेला. म्हणून काका मूग गिळून बसले. शनिवारी दुपारी पानं चिकटवून झाली, अंक यंत्रावर चढला, की काका जिन्याखाली जायचे. मुलांच्या पानावरची गोष्ट समोर टांगायची आणि पुन्हा एकेक खिळा उचलून जुळवायची. प्रूफ काढायचं. मग सगळे खिळे सोडायचे, कारण आता ते काम करायलाही दुसरं कोणी नव्हतं. गुडघे बोलायला लागायचे. "आजकाल फार दमता हो तुम्ही," काकू म्हणायच्या. "वय झालं," काका म्हणायचे, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

मधल्या काळात एक वाईट वळण आलं. काकूंचं वाचन मंदावलं. त्या अडखळायला लागल्या, एकाच शब्दावरून पुन्हापुन्हा बोट फिरवायला लागल्या. एका रविवारी कागद बाजूला ठेवून म्हणाल्या, "खिळे झिजलेत तुमचे. दाबाला दम नाही."

काकांना ते पटलं. इतक्या जोरानं दाबून छापलेला खिळा झिजणारच. त्यांनी घोंगडीचा दुसरा तुकडा आणला, कागद आणखी जाड घेतला, आणि रूळ फिरवताना असा जोर लावला की रात्री खांदा शेकावा लागला. पण गुण आला. दोनतीन आठवड्यांत काकू पूर्वीसारख्या भराभर वाचायला लागल्या, किंबहुना जास्तच भराभर. काका मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. एवढंच, की काकूंच्या बोटांना अलीकडे सारखं काहीतरी लागायचं. एकदा उजव्या हाताच्या बोटावर मोठा फोड दिसला. "चहाचं पातेलं," काकू म्हणाल्या. "बोलण्याच्या नादात लक्ष नव्हतं." बोलण्याचा नाद त्यांना होताच, त्यामुळे काकांनी विषय सोडून दिला.

मग तो शनिवार आला. जिन्याखाली काका गेले तर खोली आवरलेली. कोणीतरी खुर्च्या रचायला आलं होतं आणि त्या गडबडीत पेटी कोपऱ्यावर आपटली होती. कडेचं एक घर फुटलं होतं, त्यातले खिळे खाली सांडले होते, आणि झाडणाऱ्यानं ते इमानेइतबारे झाडून भंगाराच्या पोत्यात भरले होते. पोतं सकाळीच गेलं होतं. फुटलेलं घर 'ह'चं होतं.

काकांनी टांगलेल्या गोष्टीकडे पाहिलं. गोष्टीचं नाव होतं 'रुसलेला हत्ती'.

ज्यानं कधी खिळे जुळवले नाहीत त्याला या प्रसंगाची कल्पना यायची नाही. 'ह' नाही म्हणजे 'आहे' नाही, 'होता' नाही, 'नाही'सुद्धा नाही. आणि ओळीओळीला तो हत्ती. काका स्टुलावर बसले. या रविवारी प्रूफ नाही असं सांगावं? काकू विचारणार, का नाही? मग काय सांगायचं? अंक निघाला नाही? शिंपीणबाईंच्या घरी तर अंक येतो. काकांनी पेटीकडे पाहिलं. 'उ'चं घर भरलेलं होतं.

काकांनी उंट घेतला.

'एका गावात एक उंट.' वाक्य तिथंच संपवलं, 'होता' लागलाच नाही. पुढं मूळ गोष्टीत हत्ती सोंडेत पाणी भरून सगळ्या गावाला भिजवतो. उंटाला सोंड कुठून आणायची? काकांनी उंटाला मान लांब करून प्रत्येकाची टोपी उचलायला लावली. मूळ गोष्टीत शेवटी केळ्यांचा घड दाखवल्यावर हत्ती उठतो. केळ्यांसाठी उंट उठेल का, या प्रश्नावर काका बराच वेळ खिळा हातात धरून थांबले. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांचं लिहिलेलं जुळवलं, कानामात्रा इकडची तिकडे केली नाही, तो आता कागदावर न लिहिता थेट खिळ्यांत गोष्ट रचत होता. कपाळाला घाम आला होता आणि ओठांवर हसू. शेवट सुचला तेव्हा त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कोणी बघत तर नाही ना म्हणून.

प्रूफ काढलं. अक्षरं कागदाच्या पाठीवर टरारून उठली होती. त्या संध्याकाळी काका घरी जाताना दोनदा रस्ता चुकले. काकू कुठं हसतील, टोप्यांच्या जागी काय म्हणतील, लेखकाला नावं ठेवतील का, याचाच विचार. नावं ठेवली तर ठेवू दे. कोणी लिहिलंय हे तिला थोडंच कळणार आहे?

रविवारी सकाळी ऊन खिडकीतून पाटावर आलं होतं. काकूंनी कागद पालथा धरला, डोकं खाली करून. काका चहाचा कप हातात घेऊन इतके पुढे सरकले की खुर्ची कुरकुरली. काकूंनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"एका गावात एक हत्ती होता," काकूंनी वाचलं. "मोठा रुसका."

काकांना वाटलं, ऐकण्यात काहीतरी चूक झाली.

"एके दिवशी तो भर रस्त्यात बसला आणि उठेचना. सगळं गाव गोळा झालं. हत्तीनं काय केलं, तर सोंडेत पाणी भरलं आणि..."

काकू वाचत होत्या. भराभर, कुठं न अडखळता, अगदी मध्येच थांबून "एवढं पाणी रस्त्यात आलं कुठून?" असं सुद्धा म्हणाल्या. काका त्यांच्या बोटाकडे बघत होते. बोट उंटावरून गेलं, टोप्यांवरून गेलं. मग ओळ सोडून खाली उतरलं आणि समासाच्या कोऱ्या जागेत शिरलं. तिथं काहीही नव्हतं. काकू तरीही वाचतच होत्या.

त्या बोटाच्या टोकाला फोडाचा व्रण होता, आणि शेजारच्या बोटाला ताजी चीर. काकांना एकदम सगळं कळलं. पातेलं, फोड, झिजलेले खिळे, मग अचानक सुधारलेलं वाचन. डॉक्टरांनी साखरेच्या आजाराबद्दल बजावलं होतं, हातापायांची जाण जाते म्हणून. काकांनी ते पायांपुरतंच लक्षात ठेवलं होतं.

लोक मूग गिळतात, काकांनी उंट गिळायचं ठरवलं. तिला कळू द्यायचं नाही. तिला वाटू दे की आपल्याला पत्ता नाही, चालू दे असंच. पण गोष्ट संपली, केळ्यांचा घड आला, हत्ती उठला, आणि काका हसले नाहीत. हसू आणायला गेले तर घशातून भलताच आवाज निघाला.

काकूंनी कागदावरचा हात उचलला. "काय झालं? बरं नाही का?"

"काही नाही."

"मग हसला का नाहीत?"

काका तसे काही खोटं बोलण्यात पटाईत नव्हते. जे तोंडात होतं तेच बाहेर पडलं. "अगं, 'ह' संपले होते माझ्याकडे."

काकूंना याहून जास्त सांगावं लागलं नाही. ज्या बाईनं उमेदीची सगळी वर्षं खिळे घराघरात टाकले, तिला 'ह' नसल्यावर काय काय छापता येत नाही ते उभ्या गावात सगळ्यात आधी कळणार. भिंतीपलीकडचं शिवणयंत्र थांबून थांबून चालत होतं.

"मग काय घातलंत?" त्यांनी हळूच विचारलं.

"उंट."

काकूंनी दोन्ही हात मांडीवर घेतले, एकमेकांत गुंतवले. "पावसाळ्यापासून काही लागत नाही बोटांना," त्या म्हणाल्या. "आधी शेंडे गेले. मग सगळंच बधिर. शनिवारी तुम्ही यायच्या आत शिंपीणबाई अंकातली गोष्ट सांगून जाते. मी पाठ करते."

"वाचून दाखवते? तुला?"

"हो. चालवून घेतलं तिचं. काय करता."

काकांना आणखी एक गोष्ट सुचली आणि ते जागच्या जागी ताठ झाले. "म्हणजे अंक गुळगुळीत निघतो हे..."

"ते तर पहिल्याच आठवड्यात कळलं. तिनं त्यात भाजी गुंडाळून आणली होती. हात लावला तर कागदाला पाठच नाही." काकूंनी एका हातानं दुसऱ्या हाताची बोटं दाबली. "तेव्हा बोटं चांगली होती. म्हटलं, हा माणूस कुठंतरी माझ्यासाठी एकटाच जुळवत बसतो, आणि मला पत्ता लागू नये म्हणून धडपडतो. मला इतकं बरं वाटायचं ते, की मी काही बोललेच नाही. आणि मग बोटांनीच दगा दिला. आता कोणत्या तोंडानं सांगणार? खिळे झिजलेत म्हटलं."

"मी दुसरी घोंगडी घातली."

"माहीत आहे. रात्री खांदा कोण शेकत होतं?"

काकांना हसू आलं आणि डोळेही भरून आले. दोन्ही एकदम झाल्यामुळे त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. ते उठून काकूंच्या शेजारी येऊन बसले. "याहून मोठा टाइप मिळतो," ते म्हणाले. "लाकडी. भित्तिपत्रकांचा. मी विचारतो कुठं..."

"पुरे हो. टाइप मोठा होत होत दाराएवढा होईल, आणि मला दार सापडणार नाही." काकूंनी चाचपत कागद उचलला. पूर्वी त्या कागद उचलायच्या तेव्हा अंगठा आपोआप पाठीवरून फिरायचा. आता त्यांनी तो चिमटीत नुसता धरला आणि काकांपुढे केला.

"वाचा."

"काय?"

"उंट. मला वाचून दाखवा."

काकांनी कागद घेतला नाही. इतक्या वर्षांत या घरात कोणी ते वाक्य उच्चारलं नव्हतं. "मी काही गाळणार नाही," ते म्हणाले.

"गाळलंत तर मला कळेल का?"

काकांनी खरं ते सांगितलं. "नाही कळणार."

"मग झालं तर. वाचा."

काकांनी कागद सुलटा केला. सरळ अक्षरं नेहमीप्रमाणे थोडी परकी वाटली, आणि त्यात स्वतःचीच असल्यामुळे लाजही वाटली. घसा खाकरून ते वाचायला लागले. एका गावात एक उंट. फार रुसका. टोप्यांच्या जागी काकू हसल्या, पण यावेळी मध्ये बोलल्या नाहीत. राजाला बोलल्या होत्या, परीला बोलल्या होत्या, या उंटाला बोलल्या नाहीत. काका शेवटाशी आले आणि अडखळले. इथं पाहणारं कोणी नसताना रचलेलं होतं ते. गाळणार नाही असं म्हटलं नसतं, तर त्यांनी नक्कीच गाळलं असतं.

"'मग एक आजी आली,'" काकांनी वाचलं. "'ती ना ओरडली, ना रागावली. तिचे पाय दुखत. ती उंटाला टेकून बसली. दिवस मावळला. सगळे आपापल्या घरी गेले. आजीला उठता येईना. उंटाच्या ते लक्षात आलं. तो अगदी सावकाश उठला. त्याच्या मानेला धरून आजीपण उठली. मग दोघं सावकाश घरी गेली.'"

काकूंनी हात पुढे केला आणि काकांचा दंड शोधून घट्ट धरला.

"हे त्या पानावरच्या लेखकाचं नव्हे," त्या म्हणाल्या.

"नव्हे."

"पुन्हा वाचा."